आईच्या हातचं पिठलं

दौंडजवळच्या विद्यापीठानं मुलींचं वसतिगृह सुधारायचं मनावर घेतलं होतं. गाद्या बदलून झाल्या, गीझर बसले आणि पाळी मेसची आली. प्रत्येकीला एक अर्ज मिळाला. 'जेवणात काय हवे?' या रकान्यापाशी अक्षदाचं पेन अडलं. तिला इनामगावचं घरचं स्वयंपाकघर आठवलं. तिनं लिहिलं, 'आईच्या हातचं पिठलं'. त्याच नादात संपर्क म्हणून नंबरही आईचाच टाकला.

रेक्टर सुलक्षणा मॅडम एकही अर्ज वाया जाऊ देत नसत. त्यांनी लगेच फोन लावला.

"अक्षदाला इथलं जेवण आवडत नाही, तिला तुमच्या हातचं..."

अक्षदाच्या आई सारजाबाई रानात होत्या. वाऱ्यात त्यांना एवढंच कळलं, की पोर जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या गेटवर हजर! डोक्यावर पिठाचं गाठोडं, हातात ठेच्याची बरणी.

"पोरीला दवाखान्यात न्हेलं का न्हाई?"

"दवाखान्यात कशाला? ती लेक्चरला गेलीय," मॅडम म्हणाल्या.

"उपाशीपोटी?"

मॅडम समजूत घालणार, तोच मेस सांभाळणारे महबूबमामा धापा टाकत आले. "मॅडम, आचारी लग्नाला गेला तो आलाच न्हाई. फोन बंद हाय. बारा वाजता एकशेऐंशी पोरी जेवाय येतील, आन् कढई पालथी!"

सारजाबाईंनी पदर खोचला. "कढई कुठंय, दावा."

त्या दुपारी मुलींनी ताटं बोटांनी पुसून घेतली. तपासणीला आलेल्या समितीनं तर तीनदा पिठलं मागितलं आणि शेरा लिहिला, 'सुधारणा समाधानकारक.' आठवड्याभरात सारजाबाई मेसच्या मुख्य स्वयंपाकीण झाल्या. राहायला मागची खोलीही मिळाली.

अक्षदाला आभाळ ठेंगणं झालं. पण चारच दिवस. आई रोज दिसायची, पण वाफेच्या पलीकडं. पिठलं आता वल्ह्याएवढ्या उलथन्यानं घोटलं जायचं.

"आई, जरा माझ्यापाशी बस की."

"पुढं सर गं बाई, मागं शंभरजणी उभ्यात."

एकदा ती मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी थांबली. तोवर पिठलं संपलं होतं. आई हळहळली, पण लगेच संध्याकाळची कणीक मळायला वळली.

शेवटी घराच्या ओढीनं अक्षदा रविवारी इनामगावला गेली. चुलीपुढं तिचे आप्पा, मच्छिंद्र, डोळे चोळत बसले होते. त्यांनी लेकीपुढं काळपट काहीतरी वाढलं.

"आप्पा, हे काय हाय?"

"पिठलं."

दोघांनी ते कसंबसं संपवलं. हात धुताना आप्पांनी हळूच विचारलं, "तिथं पाव्हण्याला जेवाय देत्यात का गं?"

पुढच्या रविवारी मेसच्या रांगेत, मुलींच्या मधोमध, अक्षदाच्या पुढं, पांढरी टोपी उभी होती. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सारजाबाईंनी मान वर न करताच पळी भरली.

"ताट पुढं कर, बाई."

"जरा जास्ती वाढ. लांबनं आलोय."

पळी हवेतच थांबली. "आवं, तुमी?" त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले.

मागून ओरड झाली, "मावशी, रांग थांबली!"

अक्षदा रांगेकडं वळली आणि दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"थांबू द्या गं जरा," ती म्हणाली.