आजार नव्हं, इजा

कोकरे आप्पांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, डोळे राहत. वरवंडच्या बाजारात वांगी निवडता निवडता ते एखाद्या पागोटेवाल्याला हाक मारायचे, "काय डावा डोळा, उसाचं पान, बरं हाय ना?" आणि तो माणूसही न रागावता खालची पापणी ओढून डोळा दाखवायचा.

दौंडच्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढायचो, तिथं आप्पा रेकॉर्ड सांभाळायचे. डॉक्टरांनी केसपेपरवर निदान लिहिलं, की आप्पा एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून त्याचा नंबर शोधून कोपऱ्यात लाल शाईनं टाकत. जगातल्या प्रत्येक दुखण्याला नंबर आहे हे कळल्यापासून हा दहावी पास माणूस कामातून गेला होता. एच अक्षराचे नंबर डोळ्याच्या आजारांचे, एस अक्षराचे इजांचे, शिवाय इजा कशानं झाली त्याचा वेगळा. धारदार पानांनाही नंबर निघाला, तेव्हा पुस्तक लिहिणारा साहेब कधीतरी आपल्याकडच्या उसात शिरला असणार अशी त्यांची खात्रीच पटली. मगरीच्या चावण्याला स्वतंत्र नंबर आणि गाईचं शिंग मात्र मांजराबरोबर एकाच नंबरात, यावर ते महिनाभर नाराज होते.

त्यांना मोघम चालत नसे. "डोळ्यात कायतरी गेलं" म्हणणाऱ्याला ते सोडायचे नाहीत. काय गेलं, कुठं गेलं, तवा तुम्ही काय करत व्हता? कुरकुंभच्या कारखान्यातून एखादा कामगार डोळा घट्ट मिटून आला, की डॉक्टर डोळ्यावर सलाइनची धार धरायचे आणि आप्पा पायथ्याशी उभे राहून ॲसिड था या चुना, असं विचारत राहायचे. या प्रश्नाचा डॉक्टरांनाही उपयोग व्हायचा, म्हणून त्यांना कुणी हाकलत नसे. आम्ही बाकीचे थट्टा करायचो.

एका मे महिन्यात भर दुपारी दवाखान्यात अख्खं वऱ्हाड शिरलं. नवरीच्या डोळ्याला अक्षतेचा दाणा लागला होता. आमच्याकडे अक्षतांना ज्वारी वापरतात आणि मागच्या रांगेतले पाहुणे ती नेम धरून मारतात. डॉक्टरांनी पिवळ्या औषधाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बुबुळावरचा ओरखडा पाहिला, मलम घालून पट्टी बांधली आणि दोन दिवसांत भरून येईल म्हणाले.

पण नवऱ्याचा चुलता बाकावरून हलेना. पोरीच्या डोळ्यात मुळातच दोष असणार, तो आपल्यापासून लपवला आणि आता अक्षतेचं निमित्त सांगतात, असं त्याचं म्हणणं. पुण्याला नेऊन तपासून आणा, तोवर पोरगी माहेरीच राहू द्या. नवरीचा बाप पाण्याचा ग्लास धरून नुसता उभा होता. नवरा मुंडावळ्यांशी चाळा करत बसला होता. डॉक्टर सांगून थकले आणि ऑपरेशनला निघून गेले.

आप्पा टेबलामागून उठले. पुस्तक दोन्ही हातांवर पोथीसारखं धरून ते चुलत्यासमोर आले.

"पाव्हणं, ह्यो नंबर बघा. एस हाय. आजार असता तर एच आला असता. ह्ये आजार नव्हं, इजा हाय. साऱ्या जगात ह्योच नंबर चालतो."

चुलत्याला इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यानं पुस्तकातल्या अक्षरावर बोट ठेवलं, ते केसपेपरवरच्या लाल अक्षराशी दोनदा ताडून पाहिलं. मग आप्पांनी शांतपणे विचारलं, दाणा कुणी मारला? पुस्तकाला 'कशानं' लागतं, 'कुणी' लागत नाही, हे मला ठाऊक होतं. चुलत्यानं दारात उभ्या आपल्याच पाहुण्यांकडे एकवार पाहिलं, मग बाहेर जाऊन बँडवाल्यांना वाजवायला सांगितलं. नवरी एका डोळ्यानं पायाखालची वाट बघत सासरच्या जीपमध्ये चढली.

संध्याकाळी आप्पा मला चहाला घरी घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जात होतो. चहा त्यांच्या थोरल्या बहिणीनं आणला. साठीची बाई, उजव्या बुबुळावर पांढरं फूल, लग्न झालेलं नव्हतं. आप्पांनी ट्रंकेतून एक केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. आमच्याच दवाखान्याचा, बहिणीच्या नावाचा, रीतसर नंबर घातलेला.

"मेंढरांसाठी बाभळीची फांदी मी वढली व्हती," ते म्हणाले. "काटा हिला लागला. बघायला येणारा जो तो म्हणायचा, जन्माचाच दोष हाय. तवा दावायला कुठला कागद?"

इतके दिवस या माणसाच्या चौकशांची थट्टा केली, याची मला लाज वाटली. बहिणीनं कपबशा गोळा करता करता कागदाकडे पाहिलं.

"चांगला केलाय कागद," ती म्हणाली. "आता कुणाला दावू?"