शिक्षणासाठी राखीव गळू

महाराष्ट्र राज्य नवे होते आणि डॉ. हिंमतराव इंगळे त्याहून नवे. नागपुरात डॉक्टरकीची परीक्षा पास होताच त्यांना बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात शिकाऊ म्हणून धाडण्यात आले. नियम साधा होता. वरिष्ठांनी एकदा करून दाखवल्याशिवाय शिकाऊ डॉक्टरने रोग्याला सुरी लावू नये. वरिष्ठ, म्हणजे डॉ. माणिकराव, त्या वेळी बुलढाण्याला होते. शिकाऊ डॉक्टरांना कसे शिकवावे, याचे प्रशिक्षण घेत होते.

अशात धामणगाव बढ्याकडचा पुंजाजी बैलगाडीत उभा राहून आला, कारण गळू नेमके बुडावर होते.

"साहेब, आठ दिवसांवर पोरीचं लगन हाय," तो कळवळून म्हणाला. "कन्यादानाले पाटावर बसा लागते. चिरून टाका."

गळू पिकलेले होते. हिंमतरावांचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते खिशात घातले.

"वरचे साहेब आले की बघू. तोवर बाकावर बसा."

"त्याइले बसता येत असतं, त अठी कायले आलो असतो?" पुंजाजीची बायको जनकाबाई म्हणाली.

हिंमतरावांनी तार केली. उलट तार आली : 'गळू जपा. येऊन प्रात्यक्षिक दाखवतो.' लगेच पुंजाजीला दाखल करून खाटेवर 'शिक्षणासाठी राखीव' अशी पाटी लावण्यात आली. जनकाबाईने घरून जवसाचे पोटीस आणले, ते जप्त झाले. सरकारी गळवाला खाजगी औषध चालत नाही.

"काऊन हो साहेब, तुमाले चिरता येत नाही काय?" जनकाबाईने विचारले.

"येतं ना!"

"मंग?"

"अजून शिकवलेलं नाही."

माणिकरावांचे प्रशिक्षण लांबले, लग्न काही लांबेना. रोग्याला घरी सोडण्याचा अधिकारही वरिष्ठांचाच, त्यामुळे मांडव दवाखान्याच्या अंगणात पडला आणि वऱ्हाड औषधाच्या खिडकीपाशी उतरले. भटजी अडून बसले. उभ्याने कन्यादान होत नाही म्हणाले. पुंजाजीने पोरीकडे पाहिले, डोळे मिटले आणि पाटावर अंग टाकले. त्या किंकाळीने वाजंत्री थांबली.

"फुटलं!" मग तो रडत-हसत ओरडला. "बसता येऊन राह्यलं वो, जनका!"

मला विचाराल तर सगळ्या मांडवात तेवढा एकच माणूस शहाण्यासारखा वागला होता. त्याच वेळी दारात जीप थांबली.

"कोणाच्या परवानगीने फुटलं?" माणिकराव कडाडले. पुंजाजीला विनापरवाना शस्त्रक्रियेबद्दल ताकीद मिळाली. पाट हत्यार म्हणून जप्त झाला आणि उरलेले विधी गोणपाटावर उरकले. हिंमतरावांना मात्र प्रमाणपत्र मिळाले : 'गळू फुटताना समक्ष हजर. शिक्षण समाधानकारक.'

यथावकाश हिंमतराव वरिष्ठ झाले. त्यांनी आजवर एकही गळू चिरलेले नाही. शिकवतात मात्र मन लावून.

हसताय? परवा तुम्ही तापलेलं पोर घेऊन दवाखान्यात गेला होतात. "साहेब आले की बघू, बसा," असे तुम्हाला सांगण्यात आले. तुम्ही बसलात. मागून एक जण आला, तर सरकून त्यालाही जागा करून दिलीत.