कंपाउंडर काकांची गुळवेल

कंपाउंडर काका झाडांचा ताप मोजायचे. खोटं वाटत असेल तर मस्तगडातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. माघ लागला की हे गृहस्थ रोज सकाळी थर्मामीटर झटकून डालड्याच्या डब्यातल्या मातीत खुपसायचे आणि घड्याळाकडे बघत दोन मिनिटं उभे राहायचे. मग जाहीर करायचे, "वसंताला टाईम हाय अजून."

मी म्हणायचो, "काका, पंचांगात वसंत लागला की!"

"पंचांगाला पानं फुटतेत का गुरुजी? माझी गुळवेल फुटली की वसंत. तवर बिलकुल न्हाई."

दवाखान्यातून ते निवृत्त झाले, पण दवाखाना काही त्यांच्यातून गेला नाही. अंगणातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवलेली. ओवा, पोटदुखीवर. अडुळसा, खोकल्यावर, मधातून. पुदिन्याची चार पानं मागायला गेलं तरी आधी जीभ दाखवावी लागे. समोरच्या वहिनी एकदा वैतागल्या, "अहो, चटणीला पाहिजे!" काका म्हणाले, "चटणी पोटातच जाती ना? आ करा."

बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुष्काळाचं साल, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. टँकरवर दोन हंडे मिळाले तर नशीब. काका घमेल्यात बसून आंघोळ करायचे आणि तेच पाणी डब्यांना वाटून द्यायचे. गल्ली हसायची. मीही हसायचो.

त्या माघात माझी आई तापानं अंथरुणाला खिळली. काका दारात आले. आत नाही, दारातच. म्हणाले, "गुळवेलीचा काढा आणून देत जातो. माउली चालत्या होतेत बघा."

काकांचे लोक छप्पन साली बौद्ध झालेले. आई कुंभार पिंपळगावच्या शेतकरी घरातली. काकांच्या ओव्याची पानं ती खुशाल घ्यायची. "पाला झाडाचा आसतो, त्याला काय होतंय?" हे तिचं शास्त्र. पण काढ्यात पाणी पडलेलं, आणि तेही काकांच्या घरचं. पेला बघितला आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी पडलो मास्तर. बदनापूरच्या शाळेत पोरांकडून समतेवर निबंध लिहून घेणारा! आईला चार शब्द सुनावायला पाहिजे होते. नाही सुनावले. रोज सकाळी दोन्ही हातांनी पेला घ्यायचो, "लई उपकार झाले काका" म्हणायचो आणि मागं जाऊन मोरीत ओतायचो. हंडाभर पाण्यासाठी गल्लीत डोकी फुटत होती, आणि त्या माणसानं आपल्या वाट्याचं पाणी आटवून केलेला काढा मी मोरीत घालत होतो. लाज वाटायची. रोज वाटायची आणि रोज ओतायचो.

काकांना तर चेवच चढला. गुळवेलीची कांडी रोज छाटायचे. मी म्हणालो, "काका, झाडाला काही राहू द्या."

"झाडाचं काय, पाडव्याच्या आत फुटतंय. माणूस फुटतं का पुन्हा?"

डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी आई उठून बसली. गल्लीभर काकांचा जयजयकार झाला, म्हणजे काकांनीच केला.

फाल्गुन सरत आला. रस्त्यावरचे लिंब फुटले, काकांची वेल काही फुटेना. थर्मामीटर खुपसून झाला, मातीला कान लावून झाला. शेवटी त्यांनी खोडावर नख मारलं. आत सगळं वाळून कोळ झालेलं.

"गेली," काका म्हणाले.

"मी दुसरी आणून देतो की बदनापूरहून."

"राहू द्या. काय झालं गुरुजी, तीस वर्षं लोकायला औषध दिलं. बाटलीतलं घेतेत सगळे. घरी बोलावलं तर चहा कुणी प्यालं न्हाई. माउली प्याल्या. वेल गेली तं जाऊ द्या." मग हळूच विचारलं, "लई कडू लागला आसंल ना हो त्यायला?"

खरं बोलायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "लागला. पण थेंब ठेवला नाही."

काकांचा चेहरा असा काही फुलला की मला तिथं उभं राहवेना. "मंग पाडव्याला चहाला घेऊन या त्यायला. सकाळीच."

मी हो म्हणालो. आणि पाडव्याला सकाळच्या मोटारीनं आईला घेऊन गावी निघालो. मुद्दाम.

काका दारात होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी स्टुलावर तीन नव्या कपबशा. आम्हाला बघून लगबगीनं उठले. मग माझ्या हातातली पिशवी दिसली. आईनं पदर सावरून मान खाली घातली आणि चालायला लागली.

काका क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कळलं. मोरीसकट कळलं असणार.

"जा गुरुजी, जल्दी जा, मोटार चुकंल," तेच म्हणाले. मी वळलो, तसं मागून पुन्हा हाक मारली, "माउलीला खिडकीपाशी बसवू नका बरं. तापातून उठल्यात, वारं लागंल."