अस्वलाचं प्रात्यक्षिक

कॉलेजात फॉर्म घ्यायच्या दोन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीवर ‘संगणक व हिशेब’ असं लिहिलं होतं आणि तिच्यापुढची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत पोचली होती. दुसऱ्या खिडकीपुढे चिटपाखरूही नव्हतं. काकांचे गुडघे दुखत होते. काका दुसऱ्या खिडकीवर गेले.

फॉर्मवर सही झाली, शिक्का पडला, आणि मग काकांनी चष्मा पुसून पावती वाचली. (आधी पुसला असता तर ही गोष्टच झाली नसती.) पावतीवर लिहिलं होतं: ‘प्राणिसंग्रहालय रक्षक, एक वर्षाचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम.’

“यात नक्की काय शिकवतात?” काकांनी क्लार्कला विचारलं.

“प्राणी सांभाळायला.”

“चित्रं दाखवून?”

“नाही हो. प्राणी दाखवून.”

काका रबरी शिक्क्यांच्या दुकानात बावीस वर्षं कारकून होते. दुकान बंद पडलं म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी नवं काही शिकायला निघाले होते. प्राण्यांशी त्यांचा संबंध असा, की जिन्यात शेजारची मांजर बसलेली असली तर ती स्वतःहून उठेपर्यंत काका खाली थांबत. तिला हाकलण्याची त्यांची कधी छाती झाली नाही. एकदा तर ते तिला “बसा, बसा” म्हणाल्याचं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.

घरी जाऊन सगळं खरं सांगायचं, उद्या सायकल स्टँडपासून रांगेत उभं राहायचं, असं ठरवूनच काका घरात शिरले. काकू मशीनवर शिवत बसल्या होत्या. दुकान बंद पडल्यापासून घर त्या मशीनवरच चाललं होतं. काकांनी नुसती पावती पुढे केली. काकूंनी ती वाचली आणि मशीन थांबवलं.

“तुम्ही? वाघ-सिंहांना सांभाळणार?”

एकोणीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, काकांचं ऐकायला त्यांनी मशीन कधीच थांबवलं नव्हतं.

“त्यात काय एवढं,” काका म्हणाले.

झालं. काका अडकले.

वर्गात बाकीची अकरा मुलं-मुली अठरा-एकोणीस वर्षांची. ती त्यांना काका म्हणत, म्हणून क्लार्कही काका म्हणू लागला, मग प्राण्यांचे डॉक्टर, मग पहारेकरी. शिकवायला प्राणिसंग्रहालयाच्या मुख्य रक्षक बाई होत्या. उंची साडेचार फूट, आवाज सात फुटांचा, आणि डाव्या हाताचं एक बोट अर्धं. पहिल्याच दिवशी सगळ्यांचं लक्ष त्या बोटाकडे गेलं.

“हे प्राण्याने नाही खाल्लं,” बाई म्हणाल्या, “पिंजऱ्याच्या दारात सापडलं. प्राण्याला घाबरू नका. दाराला घाबरा.”

त्या दिवसापासून काका दोघांनाही घाबरू लागले.

पण भित्रा माणूस जागा शोधण्यात फार हुशार असतो. काकांनी दुसऱ्याच आठवड्यात खाद्यघर शोधून काढलं. मागच्या फाटकाजवळची ती एक बैठी खोली. तिथे प्राण्यांचं खाणं चिरायचं, तोलायचं, बादल्यांत भरायचं. तिथे एकही प्राणी नव्हता. सिंहिणीच्या पिंजऱ्याकडे जायची पाळी आली की काका म्हणत, “तुम्ही व्हा पुढे, माझी गाजरं राहिलीत.” नऊ महिन्यांत त्यांच्याइतकी एकसारखी गाजरं चिरणारा माणूस तिथे दुसरा नव्हता. प्रत्यक्ष प्राण्याच्या जवळ ते एकदाच गेले. ते कासव होतं, आणि तिथेही काका त्याच्या मागच्या बाजूला उभे होते.

घरी मात्र रोज संध्याकाळी वेगळंच कॉलेज भरे.

“आज सिंहीण माझ्या हातून जेवली.” (काकांनी मांस तोलून बादलीत टाकलं होतं.)

“अगं बाई! आणि मग?”

“मग काय, मी डोळे वटारले. गप्प बसली.”

काकू मशीन थांबवून ऐकत. दिवसभर त्या मशीनची खडखड चाले. काका बोलायला लागले की घर शांत होई. त्या शांततेसाठी काका रोज एक सिंहीण वश करत राहिले. आपण खोटं बोलतोय याची लाज त्यांना वाटायची. पण खरं सांगितलं की मशीन पुन्हा सुरू होईल, ही भीती लाजेपेक्षा मोठी होती.

वर्ष संपत आलं. बाईंनी शेवटचं प्रात्यक्षिक फळ्यावर लिहिलं: ‘पळालेला प्राणी.’

“कधी एखादा प्राणी पिंजऱ्यातून सुटला तर काय करायचं, याची ही रंगीत तालीम,” बाईंनी सांगितलं. “सोमवारी आपण बंद असतो, लोक नसतात. एक जण अस्वलाचा पोशाख घालून पळेल. बाकीच्यांनी फाटकं लावायची, जाळी आणायची, डॉक्टरांना बोलवायचं. जाळीवाल्यांची दुसरी परीक्षा मंगळवारी. सिंहिणीच्या बोळात एकेकट्याने जायचं आणि साखळी ओढून मधलं दार पाडायचं. सिंहीण तेव्हा दोन हातांवर असते.”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“पोशाखातल्या माणसाला मात्र सिंहिणीची परीक्षा माफ. कारण तो पोशाख...”

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांचा हात वर होता. वर्षभरात पहिल्यांदाच.

“शाब्बास काका! नियम एकच. भोंगा वाजल्यापासून पुन्हा भोंगा वाजेपर्यंत तुम्ही अस्वल. अस्वल बोलत नाही. एक शब्द निघाला की नापास.”

न बोलण्याची परीक्षा! काकांना वाटलं, एकोणीस वर्षांचा संसार फुकट गेला नाही.

सोमवारी सकाळी काकूंनी विचारलं, “आज कसली परीक्षा?”

“अस्वल,” काका म्हणाले. आणि तिथे थांबायला काय हरकत होती? पण नाही. “मोकळं. पिंजऱ्याबाहेर. समोरासमोर.”

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली. मोजे काढून दिले. उजव्याच्या टाचेला भोक पडलेलं त्यांनी आदल्या दिवशी लाल दोऱ्याने रफू केलं होतं, काळा संपला होता म्हणून.

“नाही दिली परीक्षा तर नाही चालणार?” त्या हळूच म्हणाल्या. “मला सर्टिफिकेट नको. तुम्ही धड घरी या.”

काकांना इतकं भरून आलं की ते चष्मा टेबलावर विसरून निघाले.

खाद्यघरात त्यांनी सवयीने आधी कामं उरकली. त्या दिवशी बीट होतं. पांढऱ्या ॲप्रनवर लाल डाग पडले. मग ॲप्रन आणि बूट दारात काढून ठेवून ते पोशाखात शिरले. पोशाख वर्षभर खऱ्या अस्वलाच्या गवताच्या कोठीत पडून होता. पोटावर गादीएवढा कापूस, आणि पाठीवरचा सगळा उंदरांनी नेलेला. उजव्या पायाचा पंजा सैल. तोंडाच्या भोकातून एक हातभर जग दिसत होतं, आणि चष्मा नसल्यामुळे तेही पुसट.

भोंगा वाजला. काका पळाले.

पहिल्याच वळणावर डॉक्टर दिसले. सज्जन माणूस, पण विसरभोळा. त्यांच्या हातात भुलीची एक बंदूक होती आणि काखेत दुसरी.

“यातली रिकामी कुठली बरं?” ते स्वतःलाच विचारत होते.

काकांची पाचावर धारण बसली. “डॉक्टर, मी आहे!” हे शब्द अगदी दातांपर्यंत आले, आणि दातांनी ते अडवले. डॉक्टरांनी एक बंदूक उचलून नळीत डोकावून पाहिलं. मग दुसरीत पाहिलं. मग खांदे उडवून त्यांनी पहिलीच नेम धरायला घेतली. काका वळले आणि वीस वर्षांत पळाले नव्हते असे पळाले. वाटेत उजवा पंजा निसटला. मोज्यातून जमिनीचा गारवा लागला, पण मागे डॉक्टर होते, आणि पंजा उचलायला परत जाण्याची काकांची छाती नव्हती.

धापा टाकत ते एका कठड्याला टेकले. कठड्यापलीकडे खंदक होता, आणि खंदकापलीकडे खरं अस्वल. त्याच्याच गवताचा वास त्याला आला असावा. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, नाक वर करून त्याने हुंगलं आणि घशातून एक आवाज काढला. तो आवाज रागाचा नव्हता. काकांना तेच जास्त भयंकर वाटलं.

या सगळ्या जगात भीती वाटत नाही अशी एकच जागा काकांना माहीत होती. ते सरळ खाद्यघराकडे गेले.

खाद्यघराच्या दारात काकू उभ्या होत्या. एका हातात चष्म्याची डबी, दुसऱ्यात छत्री. तालमीची पाटी पुढच्या फाटकावर होती, मागच्या फाटकाचा पहारेकरी जाळी धरायला गेला होता आणि फाटक लावायला नेमलेला मुलगा अजून किल्ली शोधत होता. काकूंच्या पायाशी काकांचे बूट होते. शेजारी लाल डागांचा ॲप्रन. आणि समोर अस्वल.

काकूंनी बुटांकडे पाहिलं. ॲप्रनकडे पाहिलं. अस्वलाच्या पोटाकडे पाहिलं.

“खाल्लंस?” त्या किंचाळल्या. “माझ्या नवऱ्याला खाल्लंस?”

आणि पळून जायचं सोडून ती बाई छत्री उगारून अंगावर आली. पहिला फटका पोटावर बसला. तो लागला नाही. दुसराही नाही. काकू हुंदके देत होत्या. “एवढा गरीब माणूस! कुणाच्या अध्यात ना मध्यात! तोच सापडला तुला?”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासाठी कुणी अस्वलाला मारेल, असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. ओरडून सांगावं, अगं, मी धड आहे! पण एक शब्द, की नापास. नापास, की उद्या सिंहीण. सिंहिणीपुढे गेलो की सगळं उघडं. काकांनी तोंड गच्च मिटलं, तिसरा फटका पोटावर घेतला आणि पाठ फिरवून पळू लागले.

तिथे मात्र कापूस नव्हता. चौथा फटका असा बसला की काकांना तारे दिसले. पाचवा. सहावा. काकूंचे हुंदके थांबले होते, छत्री थांबली नव्हती. उलट आता तिला एक नेमकेपणा आला होता. सातवा डाव्या खांद्यावर, आठवा उजव्या. काका गाजरांच्या पोत्यांभोवती फिरले. काकू मागे फिरल्या. काकांनी मोजणं सोडलं.

“खाली बस!” काकू म्हणाल्या.

अस्वल खाली बसलं.

जाळीवाले धावत आले ते हे दृश्य पाहून जागीच थांबले. भोंगा वाजला. बाईंनी अस्वलाचं डोकं उपसून काढलं. आत घामाघूम काका.

“पास!” बाई म्हणाल्या. “एवढा मार खाऊन शब्द नाही काढला! असं अस्वल या संग्रहालयात झालं नाही. काका, तुम्हाला ठेवून घेतोय आम्ही. सकाळी खाद्यघर, आणि ड्रिल असेल तेव्हा अस्वल.” मग त्या काकूंकडे वळल्या. त्यांच्या आवाजात आदर होता. “आणि तुम्ही, बाई, पुढच्या वर्षी फॉर्म भरा. जाळी नाही, बंदूक नाही, तीन मिनिटांत खाली बसवलंत. दुसरी खिडकी. रांग नसते.”

काकूंनी काकांना चष्मा दिला. पंजा शोधून आणून बाईंच्या हाती दिला.

घरी आल्यावर काका पालथे झोपले आणि काकू त्यांच्या पाठीला मलम लावत बसल्या. मशीन बंद होतं. काकांना वाटलं, चला, झालं ते बरंच झालं. नोकरी मिळाली, अब्रू राहिली, आणि बायकोचं आपल्यावर किती प्रेम आहे तेही कळलं.

“फार रडलीस गं,” ते गहिवरून म्हणाले. “खरंच वाटलं ना तुला, अस्वलाने मला खाल्लं?”

“वाटलं ना. जीवच गेला माझा. मग तुम्ही पाठ फिरवलीत आणि टाच दिसली. लाल दोरा.”

काकांनी उशीवर बोटांनी फटके मोजले. शिक्क्यांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला माणूस, मोजदाद त्याला कळत होती.

“पाठ मी तिसऱ्या फटक्यानंतर फिरवली,” ते म्हणाले.

“हो.”

“मग पुढचे?”

“समोरासमोर म्हणून गेलेला माणूस अस्वलाच्या आतून निघाला,” काकू मलमाची डबी बंद करत म्हणाल्या, “तेव्हा सिंहीण कुणाच्या हातून जेवते ते मला तिथेच कळलं. वळ अकरा आहेत तुमचे. तीन पोटावरचे अस्वलाला. हे पाठीवरचे आठ सिंहिणीचे.”

“अगं, पोटावर वळ कुठे आहेत? पोटाला कापूस होता.”

काकूंनी वाकून पाठ पुन्हा मोजली.

“खरंच की,” त्या म्हणाल्या. “अकराही सिंहिणीचेच आहेत.”