चव्वेचाळीस नंबरची रेकॉर्ड

आपला रेकॉर्ड प्लेअर घरीच ठेवायचा आणि फक्त रेकॉर्ड न्यायची, असं मुद्रितशोधकाने शनिवारी संध्याकाळी ठरवलं. निर्णय तसा साधाच होता. प्लेअर म्हणजे लाकडी पेटी, वजनाला एखाद्या बाळसेदार पुतण्याएवढी, आणि वाचनालयाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. त्यात मुलगी म्हणाली, "बाबा, मागे तुम्ही गादी उलटवलीत तेव्हा चार दिवस काटकोनात फिरत होतात. तिथे मेकॅनिक स्वतःचं मशीन घेऊन येतो ना?"

"येतो."

"मग?"

त्याने प्लेअरवर पुन्हा कापड टाकलं. (मुलीच्या 'मग'पुढे माघार घेणं हा त्याचा जुना आजार. तो मुलीच्या आईपासून जडलेला.)

वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी 'माझी आवडती रेकॉर्ड' हा कार्यक्रम व्हायचा. एका सभासदाने वीस मिनिटं घ्यायची, थोडं बोलायचं आणि रेकॉर्ड ऐकवायची. या वेळी पाळी मुद्रितशोधकाची होती. छापखान्यात एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेला हा माणूस. त्याच्या नजरेतून निसटेल अशी वेलांटी अजून जन्माला यायची होती. (हे त्याचंच म्हणणं, पण त्याला विरोध करण्याएवढी हिंमत छापखान्यात कोणाकडे नव्हती.)

त्याची रेकॉर्ड जॅझची होती, आणि वाजवणारे होते पाच विनोदवीर. लोकांना हसवण्यासाठी ही पाच माणसं प्रसिद्ध होती. एकजण ट्रम्पेटमधून पाणी ओतायचा, दुसरा पियानोसमोर बसायला जायचा आणि पियानोखाली सापडायचा. पण मुद्रितशोधकाच्या मते आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी एक शब्दही न बोलता, एकही माकडचाळा न करता निव्वळ वाद्यं वाजवली होती. ती ही छोटी रेकॉर्ड. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोने ती जुन्या बाजारातून उचलून आणली. पहिल्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली होती, "दिवसभर लोकांना हसवणारी माणसं घरी येऊन बूट काढताना अशीच वाजत असतील."

बायको जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. तिचं ते वाक्य चार जाणत्या माणसांसमोर खणखणीत आवाजात म्हणायचं आणि लगेच रेकॉर्ड लावून सिद्ध करून दाखवायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यातही वाचनालयाचे अध्यक्ष समोर असणार होते. अध्यक्ष म्हणजे गावातले दंतवैद्य, स्वतःच्या संग्रहाबद्दल भारी ऐट असलेले. मागच्याच महिन्यात ते म्हणाले होते, "त्या विदूषकांचं जॅझ? मग माझ्या दवाखान्यात पेशंट ओरडतात त्याचीही एक रेकॉर्ड काढतो."

रविवारी मुद्रितशोधक इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. समोर तीस-एक माणसं, पहिल्या रांगेत दंतवैद्य, शेवटच्या रांगेत मुलगी. वीस मिनिटांपैकी अठरा मिनिटं तो बोलला. काय बोलला म्हणता! ट्रॉम्बोनच्या हुंदक्याबद्दल बोलला. जिना उतरताना म्हातारा माणूस भिंतीला हात लावत उतरतो तसा तो पियानो, असं म्हणाला. दोन सुरांमधल्या शांततेवर तर त्याने सबंध तीन मिनिटं खर्च केली. शेवटी बायकोचं ते वाक्य म्हटलं. वाक्य खणखणीतच गेलं. हॉल गंभीर झाला. एका बाईंनी पर्समधून रुमाल काढून तयार ठेवला.

"लावा," तो मेकॅनिकला म्हणाला, आणि डोळे मिटून हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

मेकॅनिकने रेकॉर्ड ठेवली, एक खटका सरकवला आणि सुई टेकवली.

हुंदका वगैरे काही आला नाही. शेपटीवर पाय पडलेलं बदक जसं पळेल तशी एक क्लॅरिनेट पळत सुटली. तिच्यामागे ट्रॉम्बोन चिखलात घसरत धावला. पियानोवरचा म्हातारा जिना उतरत नव्हता, कठड्यावरून घसरगुंडी करत होता. आणि ती शांतता? तिथे कोणीतरी भोंगा वाजवला.

पहिल्यांदा रुमालवाल्या बाई फुटल्या. मग सबंध हॉल फुटला. दंतवैद्य दोन्ही हातांनी खुर्ची धरून हसत होते. "तीन मिनिटं शांतता!" ते कसंबसं म्हणाले, "अहो, काय फिरकी घेतलीत! चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही तुमच्या!"

"थांबवा! थांबवा ते!" मुद्रितशोधक ओरडला. "तुमचं मशीन पळतंय!"

मेकॅनिकने सुई उचलली. "मशीन नाही पळत, काका. बरोबर चाललंय. छोटी रेकॉर्ड आहे ही, पंचेचाळीसच्या वेगावर लावायची. मोठ्या असतात त्या तेहतीसच्या. हे बघा, छापलंय की इथे, पंचेचाळीस."

"तो नंबर आहे!"

"कसला नंबर?" दंतवैद्यांनी विचारलं.

"रेकॉर्डचा! पंचेचाळिसावी रेकॉर्ड!" मुद्रितशोधकाचा आवाज चढला. "चव्वेचाळीस नंबरची मी आणि माझी बायको बारा वर्षं शोधत होतो! दर रविवारी! जुन्या बाजारात!"

आता लोक हसायचेही थांबले. तेवढ्यात दंतवैद्य हळूच म्हणाले, "आठवलं. मलाही विचारलं होतंत तुम्ही. सेहेचाळीस असेल तरी चालेल म्हणाला होतात." आणि हॉल पुन्हा कोसळला.

मुद्रितशोधकाला सगळं एकदम कळलं. घरच्या प्लेअरचा वेगाचा खटका लग्नाआधीच तुटलेला. बाकीच्या रेकॉर्डी मोठ्या, तेहतीसच्या, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. ही एकुलती एक छोटी. अठ्ठावीस वर्षं ते दोघं एक विनोदी रेकॉर्ड पाऊणपट वेगाने ऐकून डोळे पुसत आले होते.

दुसरा कोणी असता तर रेकॉर्ड बगलेत मारून जिना उतरला असता. त्यालाही तसं वाटलं. पण एक वाक्य अजून सिद्ध व्हायचं होतं.

"माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत," तो म्हणाला. "तेहतीसवर लावा."

"अहो, जाऊ द्या आता," दंतवैद्य डोळे पुसत म्हणाले. "झाली तेवढी मजा पुरे."

"डॉक्टर, दात काढायला बसल्यावर अर्धा काढून तुम्ही पेशंटला घरी पाठवता का?"

"लावा हो दादा," मागून मुलगी मेकॅनिकला म्हणाली. "चार मिनिटं लागली तर लागू द्या."

मेकॅनिकने खटका मागे घेतला. सुई टेकली. पहिल्या काही सुरांना लोक अजून हसायच्या तयारीतच होते, रांगेरांगेतून फिसफिस ऐकू येत होती. मग ट्रॉम्बोन आला. हळूहळू, जड, एकेक पायरी चढून वर आल्यासारखा. फिसफिस कमी झाली. मघाचं बदक आता कुठेच नव्हतं. त्याच्या जागी कोणीतरी जुनी गोष्ट आठवून आठवून सांगत होतं, आणि मधेच अडत होतं. भोंगा आला तेव्हा लांब कुठेतरी बोट निघून गेल्यासारखं वाटलं. कोणी हललं नाही.

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या चकतीपाशी खरखरत राहिली, ती उचलायचं मेकॅनिकला सुचेना. दंतवैद्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"हे त्या पाच जणांनी वाजवलेलं नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"मग कोणाचं म्हणायचं?"

"आमच्या घरचं," मुद्रितशोधक म्हणाला. त्याची मान एवढी ताठ होती की इस्त्रीची कॉलर लाजली असती.

ग्रंथपालबाईंनी नोंदवहीत तसंच लिहिलं. रुमालवाल्या बाईंनी येऊन आपला रुमाल ओला झाल्याचं दाखवलं. दंतवैद्यांनी तर चक्क हात मिळवला आणि पुढच्या महिन्यात आपल्या सगळ्या छोट्या रेकॉर्डी तेहतीसवर ऐकून बघणार असल्याचं जाहीर केलं.

खाली उतरताना मेकॅनिकने त्याला जिन्यात गाठलं. "काका, एक सांगू? रागावू नका. मघाशी तुम्ही चव्वेचाळीस म्हणालात तेव्हा आठवलं. दहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे तो खटका बसवायला आलो होतो. तुम्ही कामावर होतात. काकूंना मी ही रेकॉर्ड हाताने फिरवून बरोबर वेगात ऐकवली. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या."

मुद्रितशोधक कठड्याला धरून थांबला. "मग?"

"मग म्हणाल्या, खटका बसवू नका. दुपारी मी बोटाने फिरवून हसेन. संध्याकाळी यांना अशीच ऐकू दे, ती यांनाच शोभते."

"आणि चव्वेचाळीस नंबर? माझ्याबरोबर दर रविवारी शोधायला यायची ती!"

"ते मीही विचारलं. म्हणाल्या, तेवढ्यासाठी तरी हे मला घेऊन घराबाहेर पडतात."

मुद्रितशोधकाने रेकॉर्ड छातीशी धरली, आणि जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला म्हणाला, "ऐकलंस? दहा वर्षं! माझ्यासारख्याच्या नाकाखाली! मोठमोठे लेखक माझ्यापुढे थरथरतात, आणि तुझ्या आईने एक चूक अशी बेमालूम सोडून दिली. एकतीस वर्षांत माझ्या नजरेतून सुटलेली ही एकमेव चूक!"

"एकमेव?" मेकॅनिक चाचरत म्हणाला. "काका, काकूंनी मला दुरुस्त करू नका म्हणून सांगितलेल्या वस्तू एकूण चार होत्या. तुमचं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, ते तरी ठाऊक आहे ना?"

मुद्रितशोधकाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी त्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळवून तो छापखान्यात जायचा, आणि छापखान्याचंच घड्याळ मागे पडतं असं धरून गेली कित्येक वर्षं मालकासकट सगळ्यांना उशिरा आल्याबद्दल झापायचा.