गावंडे सरांचा वायरलेसचा वर्ग

"रेडिओ बोलतो" असं गावंडे सरांसमोर म्हणायची पुसदात कोणाची छाती नव्हती. एकदा अर्धी दाढी झालेली असताना दुकानातल्या रेडिओकडे बघत न्हावी सहज म्हणाला, "सर, रेडिओवाला बाबू लय गोड बोलते." सर गळ्यातल्या फडक्यासकट ताडकन उठले. "बोलते? अरे, तिकडून लहर येते, लहर! आवाज या डब्यात बनते!" न्हाव्यानं कबूल करेपर्यंत ते खाली बसले नाहीत. उरलेली दाढी त्यानं घाईघाईनं उरकली.

आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवत, मी मराठी. नळाला पाणी नाही, यष्टी उशिरा येते, पोरं गाईड पाठ करतात, माझं अक्षर वाईट आहे, सगळ्याचा त्यांना सारखाच संताप. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वायरलेसच्या सरकारी प्रशिक्षणाला प्रवेश परीक्षा असे. तिला बसणाऱ्यांचा वर्ग सर शाळा सुटल्यावर फुकट घेत आणि तासभर ओरडत.

"मॉड्युलेशन म्हणजे काय? पोपटावानी नोको सांगू! कापूस सरकी काढाले सोताच्या पायानं जिनात जाते काय? बैलबंडी लागते. आवाज म्हणजे कापूस, वाहक लहर म्हणजे बंडी. जिनात कापूस उतरवून घेतला, का झालं डिमॉड्युलेशन!"

"पण सर, आवाज तसाच पाठवला तं?"

"तं कोसचे कोस उंच एरियल लागन! कोण बांधन, तुहा बाप?"

"माहा बाप गवंडीच हाय, सर."

ही कमल. वर्गातली एकटी मुलगी, फुलसावंगीची. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या दिवशी सर चक्क हसले, म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

एका संध्याकाळी शाळेच्या समितीचे अध्यक्ष वर्ग पाहायला आले. कमलकडे बघून म्हणाले, "पोरीले वायरलेस कायले? लग्नात भोंगा लावाचा हाय काय? अन् तेही या लोकाइच्या पोरीले!" बरोबरचे हेडमास्तर हसले.

सरांचे कान लाल झाले. "साहेब, अॅम्प्लिफायर आवाज मोठा करते, पण त्यातली खरखरही मोठी करते. खुर्चीचं बी तसंच असते."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या खोलीला कुलूप. हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्षांची माफी मागा, किल्ली घेऊन जा."

"माफी? मी? माफी त्यानं मागाव, त्या पोरीची!" सर असे कडाडले, की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. पण परीक्षा तोंडावर आली होती. वर्ग सरांच्या घरी भरू लागला. तोवर त्यांनी कोणालाच घरी बोलावलं नव्हतं. पोरांना निबंध शिकवायला मीही गेलो.

आतल्या खोलीत रेडिओ लागला होता. समोर सरांची म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती. बातम्या देणारा श्वास घ्यायला थांबला, तशी ती म्हणाली, "जेवला काय रे, बापू?"

पोरं फिसकन हसली. कमल सरांची खरी चेली. ती म्हणाली, "आजी, तो नाही ऐकत. तिकडून नुसती लहर..."

"कमल! गप!" सर ओरडले. मग आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "हो म्हणते, माय. जेवला."

म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

वर्ग सुटल्यावर अंगणात सर माझ्यावरच खेकसले. मी काहीही विचारलं नव्हतं. "मोठा भाऊ बापू फौजेत गेलता, तो आलाच नाही. या बातम्यावाल्याचा आवाज तसाच हाय. मायले वाटते, तोच बोलून राह्यला. मंग? मी तिले लहर शिकवू काय? काहून शिकवू?"

कमल पास झाली. निघायच्या दिवशी ती वडिलांबरोबर सरांच्या घरी आली आणि आत जाऊन म्हातारीच्या पाया पडली.

"कुठं चालली, बाई?"

"वायरलेस शिकाले, आजी."

"मंग बापू भेटन तुले तिथं. त्याले म्हणाव, थंडी हाय, कानाले बांधत जाय."

कमलनं सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"सांगीन, आजी. गेल्या गेल्या सांगीन," कमल म्हणाली.

"उभी काय राह्यली?" सर एकदम गरजले. "यष्टी काय तुह्यासाठी थांबून राह्यन?" आणि तिच्या वडिलांच्या हातातली पत्र्याची पेटी हिसकावून, आमच्याकडे न बघता, ते स्टँडकडे चालू लागले.