बिनसुईची शुगर

एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला पीयूष दोनदा दवाखान्यापर्यंत गेला आणि दोनदा फाटकातूनच परत आला. पहिल्यांदा केसपेपरच्या रांगेत मावसबहीण दिसली, दुसऱ्यांदा शाळेतल्या बाई. घोलवडात चिकू भरणाऱ्या माणसाला सर्दी झाली तर संध्याकाळपर्यंत पलीकडच्या झाई गावाला कळतं. आणि आपल्याला पुरुष आवडतात, हे तर त्याने घरातही सांगितलं नव्हतं.

शेवटी तोडगा काढला पुतळीने. पुतळी तृतीयपंथी. डहाणू रोडच्या एका संस्थेत काम करायची. २०१८ साली ती संस्था घरच्या घरी करायच्या तपासणीचा प्रयोग करून बघत होती. पुतळीने त्याच्या हातात दोन डब्या ठेवल्या.

"एक तुझी, एक तुझ्या दोस्ताची. सुई नाय, रक्त नाय. काडी हिरडीवर फिरवायची, नळीत उभी करायची, वीस मिनटं थांबायचं. एक रेघ म्हणजे नाही. दोन आल्या तर घाबरायचं नाय, मला फोन करायचा. पुढची तपासणी मी सोबत येऊन करून देते."

रविवारी हिरकणी मावशी बोर्डीला हळदीला गेली. पीयूषला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. ती गेल्या गेल्या त्याने कडी न लावताच काडी नळीत उभी केली. सातव्या मिनिटाला मावशी दारात!

"चष्मा विसरले. ते काय रे?"

"शुगर," पीयूष बोलून गेला आणि माहितीचा कागद मांडीखाली सरकवला. "शुगर तपासतोय."

"रक्त न काढता?"

"थुंकीवर होते."

मावशी हळद विसरली. कुंपणाशी जाऊन तिने शेजारणीला हाक मारली, "गंगे, भावजींना घेऊन ये! बिनसुईची शुगर आलीय!"

गंगीचे यजमान महादेव चिकूचा ट्रक दिल्लीला न्यायचे. पाच वर्षं शुगर होती आणि सुईला जाम घाबरायचे. आल्या आल्या त्यांनी दुसरी डबी फोडलीच.

"काका, ती दुसऱ्याची आहे."

"मग मी काय पहिला आहे?" म्हणत त्यांनी हिरडीवरून काडी फिरवली.

टेबलावर दोन नळ्या आणि भोवती चार माणसं. पीयूषच्या नळीत एकच रेघ आली. त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मावशी म्हणाली, "शुगरची इतकी भीती होती होय रे तुला?"

थोड्या वेळाने काकांचीही एकच रेघ आली.

"एक म्हणजे?"

"म्हणजे... नाही."

"शुगर गेली?" काका उभेच राहिले. "गंगे, उद्यापासून गोळ्या बंद! हिरकणीवहिनी, गोड काय आहे घरात?"

मावशीने वाटीभर श्रीखंड आणलं. काकांनी चमचा तोंडाशी नेला तसा पीयूषने त्यांचा हात धरला.

"खाऊ नका काका! ही शुगरची नाही. एचआयव्हीची आहे."

चमचा हवेतच राहिला. आता सगळे विचारणार, तू का केलीस? पीयूषचे कान तापले. पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. काकांनी चमचा ठेवला आणि पुन्हा नळीवर वाकले.

"पीयूष, एकच आहे ना रे? नीट बघ."

"एकच आहे, काका."

"हां." काका मटकन खुर्चीत बसले. कपाळाचा घाम त्यांनी दोनदा पुसला.

गंगीचे डोळे बारीक झाले. "शुगर गेली तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं तुम्हाला."

काकांना एकदम ट्रकच्या टायरची आठवण झाली. ते निघाले, मागोमाग गंगी.

पीयूष नळ्या गोळा करू लागला. "मावशी, मला तुला काही सांगायचंय."

"तुझीपण एकच ना?"

"हो."

"मग बस. श्रीखंड खा." मावशीने वाटी त्याच्यापुढे सरकवली. जरा वेळाने पदराने टेबल पुसत म्हणाली, "ज्या दोस्ताची डबी भावजींनी फोडली, त्याला दुसरी आणून दे. आणि एकदा घरी आण त्याला. बघू तरी कसा आहे."

पीयूषने वाटी जवळ ओढली. तेवढ्यात मागच्या दारातून गंगी हळूच डोकावली.

"अजून एक मिळेल का रे? मला पाहिजे. ह्यांना नको सांगू."

पीयूषने पुतळीला फोन लावला.

"किती आणू?" पुतळीने विचारलं.

"दोन."

"तीन सांग!" मावशी आतून ओरडली. "माझी राहिलीच की!"